टोपीतला दिवा

“पप्पा, तू परत हरवलास.”

“हरवलो कुठं? इथंच आहे की.”

“इथंच म्हणजे कुठं?”

ते मात्र मला सांगता येईना. टीव्हीच्या पडद्याचे दोन भाग झालेले होते. उजव्या भागात केतकीचा टोपीवाला एका घोरणाऱ्या डोंगराच्या पोटावर उभा राहून ऐटीत आजूबाजूला बघत होता. डाव्या भागात माझा टोपीवाला दिसायला हवा होता, पण तिथं नुसतं पांढरं धुकं होतं आणि त्या धुक्यात मी कुठल्यातरी झाडाला धडका देत होतो.

“पळू नको रे! बस खाली. हलू नको, मी येते.”

मी रिमोटचं बटण दाबलं. माझा टोपीवाला धप्पकन बसला, त्याच्या टोपीत पिवळा दिवा लागला आणि टोपी आपली आपणच गाणं म्हणायला लागली. टुं टुं टुटुं, टुं टुं टुटुं. थोड्या वेळानं धुक्यातून केतकीचा अंगठ्याएवढा टोपीवाला तुरुतुरु आला, त्यानं माझ्या टोपीवर टिचकी मारली आणि धुकं निघून गेलं.

“हज्जारदा सांगितलंय तुला,” केतकी म्हणाली. “तू चालायला लागलास की दिवा विझतो. मग मला कसं कळणार तू कुठं आहेस?”

तेव्हा ती तिसरीत होती. मी तिचा बाप होतो, पण हे त्या खोलीत कुणाला सांगूनही पटलं नसतं.

खेळ भलताच गोड होता. त्यात मारामारी नाही, मार्क नाहीत, जिंकणं-हरणं नाही. दोन टोपीवाल्यांनी एका चमत्कारिक मुलखात नुसतं भटकायचं. तिथली गाय दुधाऐवजी ढग द्यायची. पुलाला गुदगुल्या केल्याशिवाय तो पलीकडं जाऊ द्यायचा नाही. एक म्हातारी गोगलगाय सूप विकायची आणि पैशाच्या ऐवजी गाऱ्हाणं ऐकून घ्यायची. एकच अट होती, दोघांनी फार लांब जायचं नाही. गेलं की धुकं. केतकीला धुकं कधीच लागायचं नाही. माझ्या वाट्याला रोज यायचं.

माझं नाव धैर्यशील. कोल्हापुरात या नावाची माणसं पैलवान होतात नाहीतर पुढारी. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत ड्रॉइंगं काढायचो आणि घरात पाल निघाली तर शेजाऱ्याला हाक मारायचो. बायको प्रणिता नर्स. त्या वर्षी तिला मस्कतच्या दवाखान्यात कामाचा करार मिळाला आणि ती गेली. विमानतळावर तिनं खाली वाकून केतकीच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. केतकीनं मोठ्या माणसासारखी मान हलवली. काय सांगितलं ते मी दोघींनाही विचारलं, पण दोघींनीही पत्ता लागू दिला नाही. मला मात्र प्रणितानं सगळ्यांदेखत सांगितलं, “तिच्याकडं लक्ष द्या.” पुढं तिनंच एका ओळखीच्या बाईबरोबर हा खेळ पाठवून दिला. शाळेतून आणि फौंड्रीतून आलो की आम्ही दोघं रोज एक फेरी मारायचो. पोरीला आईची आठवण येऊ नये म्हणून मी खेळतो, असं मी सगळ्यांना सांगायचो.

त्या संध्याकाळी मामी कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. गणपतीला म्हणून बेळगावहून आल्या होत्या, गणपती गेले तरी त्या राहिल्या होत्या. मला कारण ठाऊक होतं आणि तो विषय निघू नये म्हणून मी रोज त्यांना दुसरा चहा विचारत होतो.

“ह्यात बाप कोण आणि लेकरू कोण, तेच कळंना झालंय मला,” मामी म्हणाल्या. “आणि ते टुंटुं तेवढं बंद करा ओ. रोज डोकं उठवतंय.”

केतकी हातपाय धुवायला गेली. मामींनी वातींचं ताट बाजूला सरकवलं. आता येणार, हे मी ओळखलं.

“धैर्यशीलराव, राग मानू नका. तुम्ही माणूस लाखातलं आहासा. पण पोरीची जात आहे. आज लहान आहे, दोन-चार वर्षांत शहाणी होईल. तेव्हा ती काय त्या टोपीवाल्याला विचारणार काय? बेळगावला मी आहे, माझी सून म्हणजे तिची मामी आहे, घरात बायकामाणसं आहेत. दिवाळीनंतर शाळेत घालू. प्रणी परत आली की आणा की परत तुम्ही. मी काय कायमची मागालेय?”

“मामी, पण मला जमतंय की.”

“काय जमतंय? परवा तिच्या वेणीत रबर अडकलं तर कात्री घेतलासा!”

केतकीच्या डोक्याला त्या जागी कापलेल्या केसांचा झुपका अजूनही उभा होता.

मी प्रणिताला फोन लावला. मला वाटलं होतं ती आईला गप्प करील. पण ती म्हणाली, “आई म्हणते ते अगदीच चूक नाही हो. मला इथं झोप लागत नाही. तुम्ही फौंड्रीत असता तेव्हा ती कुठं असेल, काय करत असेल, एवढंच डोक्यात असतं. रविवारी आई देवीची ओटी भरायला जाणार आहे ना, तुम्ही तिघं जाऊन या. संध्याकाळी फोन करते, मग ठरवू.”

मग ठरवू म्हणजे काय, ते मला कळत होतं. ठरल्यासारखंच होतं. केतकीला ह्यातलं काही कळत नाही अशी आम्हा सगळ्या मोठ्या माणसांची समजूत होती.

पन्हाळ्याच्या पलीकडं एक पठार आहे. जांभ्या दगडाचं, सपाट, कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते पावसाळ्यात कळत नाही. मधे देवीचं छोटं देऊळ. आजूबाजूला तळी, गवत, मोठाले धोंडे आणि कडेला सरळ खाली तुटलेले कडे. प्रणिताला नोकरी लागू दे, सुखरूप पोचू दे, तुझी ओटी भरीन, असं मामी इथल्या देवीला बोलल्या होत्या. रविवारी सकाळी आम्ही गाडी घेऊन वर गेलो तेव्हा लख्ख ऊन पडलेलं. रानफुलं अशी फुललेली की केतकी गाडीतूनच ओरडायला लागली, “पप्पा, हे तर आपल्या गेममधलंच आहे!”

खरंच तसं होतं. मलाही बरं वाटलं. वाईट बातमीच्या आधी माणसाला बरं वाटतं ते का, देव जाणे.

देवळात गुरव होते, त्यांचा भाऊ होता, आणि बाहेरगावची एक-दोन माणसं नारळ फोडून प्रसाद खात पायरीवर बसली होती. मामी साडी, खण, नारळ, तांदूळ सगळं मांडून देवीपुढं बसल्या. गुरवांनी पूजा सुरू केली. एवढ्यात केतकीनं माझा सदरा ओढला.

“पप्पा, मला जायचंय.”

“आता? आजीला सांगतो थांब.”

“नको! आजी सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलते.”

हे खरं होतं. देवळाच्या आसपास आडोसा कुठंच नव्हता. जरा लांब धोंड्यांची एक रास दिसत होती. आम्ही तिकडं चालत गेलो.

“तू इथंच थांब,” केतकी म्हणाली. “तिकडं तोंड कर.”

मी तोंड फिरवलं.

“अजून लांब जा.”

गेलो.

“अजून.”

“केतकी, माणूस नाही गं इथं कोणी.”

“तू आहेस ना! जा की.”

मी आणखी पुढं गेलो. महिन्यापूर्वीपर्यंत ह्याच पोरीला मी न्हाऊ घालत होतो आणि आता ती मला लांब घालवत होती. मामी म्हणत होत्या ते हेच असावं, असं मनात आलं. आणि मी बापाच्या इमानानं पाठ करून उभा राहिलो, कड्याच्या दिशेला बघत.

म्हणूनच धुकं मला येताना दिसलं. कड्याखालून ते वर चढलं, गवतावर पसरलं, आणि बघता बघता माझे बूट दिसेनासे झाले. मला आधी हसूच आलं. मी मागं वळलो. धोंडे नव्हते.

“केतकी!”

वारं सुटलं होतं. माझी हाक माझ्याच तोंडावर परत आली.

“झालं काय गं? ये इकडं!”

उत्तर आलं असेल, नसेल. मी धोंडे होते त्या दिशेनं पळालो. धोंडे लागलेच नाहीत. मग जरा डावीकडं पळालो. तिथं एक धोंडा लागला, पण तो एकटाच होता. हाका मारत मी उजवीकडं वळलो आणि पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. तळं. तळं ह्या बाजूला नव्हतं! म्हणजे मी कुठल्या बाजूला होतो? केतकीला पोहता येत नव्हतं. मी वाकून पाण्यात हात घालून चाचपलं, दोन्ही हातांनी, वेड्यासारखं. चिखल आणि शेवाळ हाताला लागलं. तिथून उठून पुन्हा पळालो.

एका ठिकाणी गवत संपलं आणि माझ्या पायानं एक दगड उडाला. तो खाली पडल्याचा आवाज आला नाही. मी जागच्या जागी खाली बसलो आणि हातांवर मागं मागं सरकलो. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझी पोरगी ह्या पठारावर आहे आणि पठाराला काठ आहे.

तोंडानं मी देवीला काय काय कबूल केलं ते आठवत नाही. तेवढ्यात घंटा ऐकू आली. मामींची पूजा झाली असावी. त्या आवाजाच्या रोखानं मी पळत सुटलो आणि देवळाच्या पायरीवर आदळलो.

“केतकी आली?”

मामींच्या हातात प्रसादाचं पान होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या चिखलानं भरलेल्या हातांकडं बघितलं आणि पान खाली पडलं.

“तुमच्याबरोबर होती की!”

मी सांगितलं. दोनच वाक्यं, पण ती मला नीट सांगता येईनात. मामी मला रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

गुरव मात्र शांत होते. “घाबरू नका पाव्हणं. आमच्या हितं हे नेहमीचं हाय. धुक्यात कोण चुकलं की आम्ही घंटा वाजवत राहतो. आवाजावर माणूस येतंयच. म्हसरंबी येत्यात.” त्यांनी घंटेच्या साखळीला हात घातला. त्यांचा भाऊ आणि ती बाहेरगावची माणसं काठ्या घेऊन कड्याच्या बाजूला गेली. जाताना त्यांनी हळू आवाजात आपसात काहीतरी बोलून घेतलं आणि मी ते न ऐकल्यासारखं केलं.

फोनला रेंज नव्हती. असती तरी मी कुणाला काय सांगणार होतो?

घंटा वाजत राहिली. घण, घण, घण. मी देवळातून बाहेर जायचो, घंटेचा आवाज कानात धरून जाता येईल तेवढं जायचो, हाका मारायचो आणि परत यायचो. परत येताना प्रत्येक वेळी वाटायचं, आता पायरीवर बसलेली असेल. पायरीवर मामीच असायच्या.

“आली?”

“नाही ओ.”

“येईल.”

“येईल की. शहाणी आहे. घंटा ऐकली की सरळ इकडंच येणार ती.” मामी माझ्याकडं न बघता बोलत होत्या. “चांगली हुशार आहे. रस्ता एकदा बघितला की विसरत नाही. येईलच.”

गुरवांनी हात बदलला. घंटा वाजतच होती. मग मामी पुन्हा बोलल्या, पण आवाज वेगळा होता.

“एवढी घंटा ऐकून पण येईना झालीय म्हणजे...”

त्यांनी पदर तोंडात धरला.

“ऐकू गेली की येतंयच,” गुरव म्हणाले. “हरवलेलं माणूस घंटा सोडून दुसरीकडं कुठं जातंय?”

मी पुन्हा बाहेर जायला निघालो होतो. पायरी उतरलो आणि थबकलो.

हरवलेलं माणूस. केतकी? ती हरवेल कशी? हुशार आहे, मामी म्हणाल्या होत्या. रस्ता विसरत नाही. धोंड्यांच्या मागून ती बाहेर आली असेल, तेव्हा तिनं काय बघितलं असेल? देऊळ कुठं आहे हे तिला ठाऊक. आपण कुठं आहोत हे ठाऊक. जिथं पप्पाला उभं केलं होतं तिथं पप्पा नाही. माझ्या घरात रोज संध्याकाळी कोण हरवत होतं? आणि हरवल्यावर मी आज काय करत होतो? पळत होतो. सारखा पळत होतो.

आता भीती वेगळीच होती. कारण जे करायचं होतं ते बापाच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

“घंटा थांबवा,” मी म्हणालो.

“काय?” गुरव.

“थांबवा घंटा. तिला ती नको आहे. ती येणार नाही घंटेकडं. ती मला शोधतेय.”

“अहो धैर्यशीलराव, काय बोलतासा!” मामी पायरीवरून उठल्या. “वाजवू दे त्यांना! लेकरू तिकडं...”

“घंटेत माझा आवाज ऐकू जाणार नाही मामी. थांबवा म्हणतो ना!”

आयुष्यात मी मामींवर कधी आवाज चढवला नव्हता. गुरवांनी मामींकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि साखळी सोडली. घंटा एकदा हलली आणि गप्प झाली. ती शांतता फार वाईट होती. आपण शेवटची दोरी कापली की काय, असं मला वाटलं.

मी धोंड्यांच्या दिशेनं चालत गेलो, देऊळ दिसेनासं झालं तिथपर्यंत. आणि तिथं ओल्या गवतात खाली बसलो. मांडी घालून.

मागून मामी पदर सावरत, ठेचकाळत आल्या. मी बसलेला दिसताच त्या किंचाळल्या, “अरे, पोरगी हरवलीय आणि तू बसतोस काय रे?”

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांनी मला अरेतुरे तेवढं एकदाच केलं.

“मामी, मला हलायचं नाही. मी हललो की तिला सापडणार नाही.”

“याड लागलंय काय तुला? ऊठ! शोध!”

मी उठलो नाही. कसा बसून राहिलो ते माझं मला माहीत. कड्यावरून उडालेला तो दगड डोळ्यांपुढं होता. अंगातला कण न् कण ऊठ म्हणत होता. माझा हिशेब चुकला असेल तर? ती तळ्याच्या काठावर असेल आणि मी इथं मांडी घालून? मी दोन्ही हातांनी गवत धरून ठेवलं आणि तोंड उघडलं.

“टुं टुं टुटुं... टुं टुं टुटुं...”

आमच्या घराण्यात सूर कुणालाच दिलेला नाही. आरतीला मी नुसते ओठ हलवतो. धुक्यात माझा तो चिरका आवाज घशातून निघाला आणि दोन हातांवर जाऊन पडला. पुन्हा म्हटलं. आणखी मोठ्यानं म्हटलं तर खोकलाच आला.

मामी माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्या आता पळत जाऊन गुरवांना बोलावणार असं मला वाटलं. पण त्या तशाच गुडघे धरत, विव्हळत माझ्या शेजारी गवतात बसल्या.

“हे तेच काय? तुमच्या त्या टोपीतलं?”

मी मान हलवली. बोलायला गेलो असतो तर रडलो असतो.

मामी बेळगावच्या भजनी मंडळातल्या. आवाज असा की गल्लीच्या तोंडाला उभं राहिलं तरी त्या कुठला अभंग म्हणतायत ते कळावं. त्यांनी डोळे मिटले, नवीकोरी साडी चिखलात, आणि मोकळ्या गळ्यानं सुरू केलं, “टुं टुं टुटुं! टुं टुं टुटुं!” रोज डोकं उठवणारं ते गाणं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. मधली वळणं, शेवटचा हेलकावा, सगळं. मी त्यांच्या मागून ओढत राहिलो. धुक्यात दोन माणसं मांडी घालून टुंटुं म्हणत होती आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

किती वेळ गेला ते मी सांगू शकणार नाही. मामींचा घसा बसत आला. त्या थांबल्या, त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही घट्ट धरली आणि हळूच म्हणाल्या, “धैर्यशीलराव, आता उठूया काय ओ?”

“एकदा,” मी म्हणालो. “अजून एकदा.”

आम्ही पुन्हा सुरू केलं. आणि डाव्या बाजूनं, तळं होतं त्या बाजूनं, चिडलेला आवाज आला.

“तिथंच थांब! हलू नको! आले मी!”

धुक्यातून आधी तो कापलेल्या केसांचा झुपका दिसला, मग ती. फ्रॉक ओला, गुडघे खरचटलेले, एका पायात चप्पल नाही. ती सरळ माझ्यापाशी आली आणि तिनं माझ्या डोक्यावर टिचकी मारली.

“किती शोधलं तुला! किती हाका मारल्या! तू सारखा पळत होतास ना? तुझा आवाज एकदा इकडून यायचा, एकदा तिकडून. मी आले की तू गेलेला असायचास. हरवलास की बसायचं, एवढं एक काम येत नाही तुला!”

मी तिला धरलं. इतकं घट्ट की ती “पप्पा, दुखतंय” म्हणाली. मग ती माझ्या पाठीवर थोपटायला लागली. रात्री ती घाबरून उठली की मी थोपटतो तसं.

मामींनी तिच्या तोंडावरून, हातापायांवरून हात फिरवला, कुठं मोडलंय का बघितलं आणि मग मागच्या सगळ्या भीतीचा राग एकदम बाहेर आला.

“घंटा ऐकली नाहीस काय गे तू?”

“ऐकली की.”

“मग आली का नाहीस मुडदे?”

“पप्पाला तिथंच टाकून कशी येऊ?” केतकीला हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, हेच पटत नव्हतं. “मला देऊळ माहीत होतं आजी. त्यालाच माहीत नव्हतं. आणि मम्मीनं सांगितलंय मला.”

“काय सांगितलंय मम्मीनं?” मी विचारलं.

ती जरा घुटमळली. विमानतळावरचं गुपित होतं ते. मग आता काय लपवायचं, असं तोंड करून म्हणाली, “पप्पा लवकर घाबरतो. त्याला एकटं सोडू नको. मी येईपर्यंत तू त्याच्याकडं लक्ष दे.”

रोज संध्याकाळी तीच रिमोट माझ्या हातात आणून द्यायची, तीच म्हणायची चल ना पप्पा, एक फेरी. मला वाटत होतं मी तिच्यासाठी खेळतोय.

“म्हणून तर मी तुला विचारणार होते आजी,” केतकी म्हणाली. तिनं माझं बोट धरलं होतं, ते सोडलं नाही. “तुम्ही सगळे माझं बेळगावचं ठरवताय ना, ते मला माहीत आहे. मी येते. पण मी आले तर ह्याला शोधणार कोण?”

मामींनी पदराला गुडघ्यावरचा चिखल पुसला आणि उठायला हात पुढं केला. मी एका हाताला धरलं, केतकीनं दुसऱ्या. देवळाकडं केतकीच पुढं चालत होती.

संध्याकाळी प्रणिताचा फोन आला, तो मामींनीच घेतला. मी आतल्या खोलीत दाराशी उभा होतो.

“होय गे, भरली ओटी. छान झालं सगळं... धुकं? नाही बा. लख्ख ऊन होतं... आवाज बसलाय होय, भजन म्हटलं जरा... हे बघ प्रणी, मी एकटीच जाते उद्या. पोरगी हितंच राहू दे.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “ते मला नको विचारू. तूच कामाला लावून गेलीयस तिला.”

दुसऱ्या दिवशी स्टँडवर गाडी सुटताना मामींनी खिडकीतून हात बाहेर काढला. मला वाटलं आशीर्वाद देतायत. त्यांनी माझ्या डोक्यावर हळूच टिचकी मारली.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. प्रणिता करार संपवून आली, ती इथल्याच दवाखान्यात लागली. मामी गेल्या. केतकी हैदराबादला नोकरी करते आणि फिरतीच्या कामावर कुठं कुठं जाते, नकाशात मला ती गावं सापडत नाहीत. फोन लागत नाही तेव्हा माझी अजून तीच गत होते. घरभर फिरतो, प्रणिताला हैराण करतो, चार ठिकाणी चौकशा करतो. मग आठवण येते आणि खुर्चीत येऊन बसतो.

फोन वाजतो तेव्हा ती आधी तेच विचारते.

“पप्पा, कुठं आहेस?”

“इथंच.”

“इथंच म्हणजे कुठं?”

“बसलोय गं,” मी म्हणतो. “हललो नाही.”